चौरस हा आयत असतो का? मोबाईल, चॅनेल गेट आणि गटाच्या प्रकल्पातून नववीचे चौकोन

भेस्तान (सुरत) : "चौरस हा आयत असतो का?" नववीतल्या मुलांना हा प्रश्न विचारला की बरीच मुलं पटकन 'नाही' म्हणतात. आयत लांबट असतो, चौरस चारी बाजूंनी सारखा, मग दोन्ही एक कसे? उत्तर मात्र 'हो' आहे. चारही कोन काटकोन असले की चौकोन आयत ठरतो. बाजू सारख्या आहेत की कमीजास्त, हे व्याख्या विचारतच नाही. चौरसाचे चारही कोन काटकोन असतात, म्हणून तो आयतच. फक्त सगळ्या बाजू सारख्या असलेला.

प्रश्न छोटा दिसतो, पण माध्यमिकची भूमिती इथंच अडते. व्याख्येवरून विचार करता येत नाही त्या मुलाला पुढं 'सिद्ध करा' असं लिहिलेलं प्रत्येक उदाहरण पाठ करावं लागतं. पाठ केलेली सिद्धता आकृतीची अक्षरं बदलली, आकृती जरा तिरकी दिली, की कोसळते. दहावीच्या बोर्डात भूमितीचे गुण सोडून देणारी मुलं नववीतच तयार होतात ती अशी. म्हणून चौकोनांचं प्रकरण नीट शिकवणं गरजेचं आहे. मोबाईल, संगणक आणि गटातलं काम यांचा त्यात खरंच उपयोग होतो का, कुठं होतो आणि कुठं नाही, ते समजून घेऊ.

एका आकृतीची तीन नावं

भेस्तान सुरत महापालिकेच्या दक्षिणेकडच्या भागात येतं. मुंबई-अहमदाबाद रेल्वेमार्गावर सचिन आणि उधना या स्टेशनांच्या मधलं हे स्टेशन. शेजारी पांडेसऱ्याच्या मिला आणि उधन्याचे लूम. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून उधना-जळगाव रेल्वेनं पोटापाण्यासाठी आलेली असंख्य घरं या पट्ट्यात स्थिरावली. सुरत महापालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळांत गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमही आहे. त्यामुळे इथलं मूल घरात अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी आणि दुकानात गुजराती बोलतं.

भूमितीत याचा परिणाम दिसतो. मराठीत 'चौकोन' म्हणताना आपण कोपरे मोजतो. हिंदीत त्याच आकृतीला 'चतुर्भुज' म्हणतात, म्हणजे बाजू मोजतात. गुजरातीत 'चतुष्कोण'. मराठीतला चौरस हिंदीत 'वर्ग' होतो, तर मराठी मुलासाठी वर्ग म्हणजे एकतर शाळेची खोली नाहीतर संख्येचा वर्ग. मराठीतला आयत गुजरातीत 'लंबचोरस' होतो. हा शब्द ऐकणाऱ्याला वाटतं, चौरस ताणून लांब केला की लंबचोरस तयार झाला, म्हणजे मूळ चौरस आणि आयत हा त्याचा प्रकार. गणितात नेमकं उलटं आहे. आयत हा मोठा गट आणि चौरस त्यातला एक.

रोजची मराठीही घोटाळा करते. 'चौकोनी डबा', 'चौकोनी रुमाल' म्हणताना आपल्या डोळ्यांपुढं काटकोनी आकारच असतो. त्यामुळे वेडावाकडा, चारही बाजू वेगळ्या असलेला चौकोन फळ्यावर काढला की मूल बिचकतं, "हा कसला चौकोन?" दुसरीकडे मराठीची एक सोय आहे. 'समभुज चौकोन' हा शब्दच सांगतो की बाजू समान हव्यात, कोनांबद्दल काही अट नाही. मग चौरसाच्या बाजूही समान, म्हणून तोही समभुज चौकोन, हे शब्दावरूनच पटवता येतं. शिक्षकानं पहिल्याच तासाला तिन्ही भाषांतली नावं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली आणि प्रत्येक नाव नेमकं काय मोजतं ते मुलांना विचारलं, तर अर्धी धुकटी तिथंच विरते.

ओळख आणि व्याख्या यांच्यातली पायरी

मुलं भूमिती कशी शिकतात याचा पायाभूत अभ्यास नेदरलँड्समधल्या पिएर व्हॅन हीले आणि दीना व्हॅन हीले-गेल्डोफ या शिक्षक जोडप्यानं केला. दोघांनी १९५७ मध्ये उट्रेक्ट विद्यापीठात प्रबंध सादर केले. त्यांचं म्हणणं असं की भूमितीची समज पायऱ्यांनी चढते. पहिल्या पायरीवर मूल आकार पाहून नाव सांगतं, 'हा दारासारखा दिसतो, म्हणजे आयत.' दुसऱ्या पायरीवर गुणधर्म दिसू लागतात, समोरच्या बाजू समान, कर्ण समान वगैरे. तिसऱ्या पायरीवर त्या गुणधर्मांचं आपसातलं नातं कळतं, म्हणजे कुठल्या अटीतून काय आपोआप येतं आणि कुठला आकार कुठल्या गटात बसतो. खरी सिद्धता त्याच्या पुढच्या पायरीवर येते.

अडचण अशी की पुस्तक आणि परीक्षा मुलाला थेट वरच्या पायरीवर धरतात. गुजरात बोर्डानं गणितासाठी एनसीईआरटीचं पुस्तक स्वीकारलं, त्यात गेली अनेक वर्षं नववीचं आठवं प्रकरण चौकोनांचं राहिलं. महाराष्ट्रात बालभारतीच्या नववीच्या गणित भाग २ मध्ये 'चौकोन' हे पाचवं प्रकरण आहे. दोन्हीकडे प्रमेयं जवळपास तीच. आणि दोन्हीकडे पहिल्या पायरीवरच उभं असलेलं मूल वहीत चौथ्या पायरीची सिद्धता उतरवत असतं. मधल्या दोन पायऱ्या चढवायला हाताळणं लागतं, बोलणं लागतं, चुका करून बघणं लागतं. गटाचं काम आणि तंत्रज्ञान यांची जागा ती आहे.

चार काड्या आणि भास्कराचार्य

मोबाईल काढण्याआधी आगपेटी काढावी. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे आणि आगकाड्या जोडून आकार बनवायची पद्धत अरविंद गुप्ता यांनी देशभर पोचवली. पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं काम केलं. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच एका बाजूला कलतो. बाजू त्याच, आकार वेगळा.

भेस्तानच्या कुठल्याही गल्लीत याचा मोठा नमुना रोज सकाळी सरकतो, तो म्हणजे दुकानाचं चॅनेल गेट. त्याच्या पट्ट्यांनी बनलेले समभुज चौकोन गेट उघडताना अरुंद होतात आणि बंद करताना रुंद. पट्टीची लांबी बदलत नाही, कोन बदलतो. पट्ट्यांमधली बाजू १० सेंमी धरली, तर कोन ९० अंशांचा असताना आतली जागा १०० चौरस सेंमी होते. कोन ३० अंशांवर आला की तीच जागा ५० चौरस सेंमी राहते. चार बाजू सांगून चौकोनाचं क्षेत्रफळ ठरत नाही, हे गेटच दाखवतं.

हीच गोष्ट भास्कराचार्यांनी इ.स. ११५० च्या 'लीलावती'त ठणकावून सांगितली आहे. कर्ण किंवा लंब न सांगता नुसत्या चार बाजूंवरून क्षेत्रफळ विचारणाऱ्याला आणि त्याचं उत्तर देणाऱ्यालाही ते चांगलेच फटकारतात. त्यांच्याआधी इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तानं चार बाजूंवरून क्षेत्रफळाचं सूत्र दिलं होतं, पण ते अचूक ठरतं चक्रीय चौकोनासाठी, म्हणजे ज्याचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर येतात त्याच्यासाठी. खान्देशी घरांना सांगण्यासारखं म्हणजे, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण इथं मिळाला आहे. तो १३व्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १९व्या शतकात तो उजेडात आणला.

मोबाईल नेमकं काय करतो

फळ्यावरची आकृती हलत नाही. शिक्षकानं एक समांतरभुज चौकोन काढला की मुलाच्या डोक्यात तोच, त्याच तिरकेपणाचा, कायमचा बसतो. जिओजेब्रा नावाचं मोफत सॉफ्टवेअर ही अडचण सोडवतं. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात ते सुरू केलं. ते साध्या अँड्रॉइड फोनवर चालतं आणि एकदा उतरवून घेतलं की नेट नसलं तरी काम करतं.

त्यातली मुख्य गोष्ट 'ओढून बघणं' ही आहे. समजा गटाला सांगितलं, अ, ब, क, ड असा समांतरभुज चौकोन काढा. एक मूल डोळ्यांनी अंदाज घेऊन चार बिंदू ठेवतं. दिसायला आकृती झकास. मग दुसऱ्यानं 'अ' बिंदू बोटानं ओढला की आकृती मोडते, समोरच्या बाजू समांतर राहत नाहीत. दुसरा गट आधी अब रेषाखंड काढतो, मग क बिंदू घेऊन ब आणि क जोडतो, क मधून अब ला समांतर आणि अ मधून बक ला समांतर रेषा काढतो. त्या दोन रेषा जिथं छेदतात तो ड. आता कुठलाही मूळ बिंदू कितीही ओढा, समांतरभुज चौकोन मोडत नाही.

पहिल्या मुलानं चित्र काढलं, दुसऱ्या गटानं रचना केली. आकृतीत दिसणारी गोष्ट आणि अट घालून मिळवलेली गोष्ट यांतला हा फरक म्हणजेच व्याख्या. तो तोंडी सांगून जितका पटत नाही तितका एक बिंदू ओढून पटतो. शिवाय हाच समांतरभुज चौकोन ओढत ओढत मुलं आयतापर्यंत, समभुज चौकोनापर्यंत आणि शेवटी चौरसापर्यंत नेऊ शकतात. नाव बदलत जातं, पण समांतरपणा कुठंच तुटत नाही. चौरस हा आयतही आहे, समभुजही आहे आणि समांतरभुजही, हे तेव्हा कोणी पाठ करून घ्यावं लागत नाही.

प्रकल्प कसा बसवायचा

चार-चार मुलांचे गट पुरेसे. प्रत्येक गटात एक फोन असला तरी चालतो, उलट एकच असलेला बरा, कारण मग बोलावं लागतं. एकानं फोन चालवायचा, एकानं मोजमाप घ्यायचं, एकानं वहीत नोंद करायची, एकानं 'कशावरून?' एवढंच विचारत राहायचं. दर तासाला कामं बदलायची, म्हणजे फोन एकाच्याच हातात राहत नाही. साधारण सहा तासांत प्रकल्प पुरा होतो आणि विषय शोधायला भेस्तानच्या बाहेर जायला नको.

एक गट चॅनेल गेटचे फोटो घेईल, उघडं, अर्धं आणि बंद. दुसरा गट खोलीची फरशी किंवा खाट मापेल. गवंडी खोलीची आखणी करताना समोरासमोरच्या भिंती सारख्या घेतो आणि मग दोन्ही कर्णांना टेप लावतो. कर्ण जुळले की खोली काटकोनात आहे. नुसते कर्ण समान असून भागत नाही, कारण समद्विभुज समलंब चौकोनाचेही कर्ण समान असतात. गवंड्याची ही रीत बरोबर का, हे सिद्ध करणं हाच त्या गटाचा प्रश्न.

तिसरा गट उत्तरायणाचा पतंग घेईल. भूमितीतल्या पतंगाला लगतच्या समान बाजूंच्या दोन जोड्या लागतात आणि त्याचे कर्ण एकमेकांना काटकोनात छेदतात. बाजारातला पतंग त्या व्याख्येत किती बसतो ते पट्टीनं मोजून ठरवायचं. चौथ्या गटासाठी सुरतचा हिरा आहे. गोल ब्रिलियंट कटच्या वरच्या भागात मधल्या सपाट टेबलाभोवती आठ मुख्य पैलू असतात आणि त्यांचा आकार पतंगाचाच असतो. ज्या घरातलं कोणी घंटीवर बसतं, त्या मुलाला इथं वर्गाला शिकवण्यासारखं काहीतरी असतं.

फोटो जिओजेब्रात मागे ठेवून त्यावर बिंदू लावता येतात. इथं एक सापळा आहे आणि तो मुद्दाम ठेवावा. खिडकीचा फोटो तिरका घेतला तर आयताकृती खिडकी फोटोत समलंब किंवा भलत्याच आकाराची दिसते. मोजमाप केल्यावर गट गोंधळतो. मग फोटो खोटा की खिडकी? कॅमेऱ्यात लांबची बाजू लहान दिसते, हे मुलांनी स्वतः शोधलं की फोटोवरच्या मापावर आंधळा विश्वास ठेवायची सवय सुटते.

दिसलं म्हणजे सिद्ध झालं नाही

सगळ्या गटांना समान असा एक प्रश्न शेवटी द्यावा. कुठलाही वेडावाकडा चौकोन घ्या, चारही बाजूंचे मध्यबिंदू ओळीनं जोडा. काय मिळतं? फोनवर मुलं बिंदू ओढत राहतात आणि दर वेळी आत समांतरभुज चौकोनच तयार होतो. फ्रेंच गणिती पिएर व्हारिन्यो यांच्या नावानं हे प्रमेय ओळखलं जातं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १७३१ मध्ये छापलं गेलं. एनसीईआरटीच्या नववीच्या स्वाध्यायातही ते आहे.

पण फोननं शंभर आकृत्या दाखवल्या तरी एकशे एकाव्याची हमी कोण देणार? इथं वही उघडावी लागते. चौकोनाचा कर्ण अक काढला की दोन त्रिकोण होतात. त्रिकोणाच्या दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडणारा रेषाखंड तिसऱ्या बाजूला समांतर आणि तिच्या निम्मा असतो, हे मध्यबिंदूचं प्रमेय मुलांना माहीत असतं. ते एका त्रिकोणाला लावलं की आतल्या चौकोनाची एक बाजू अक ला समांतर आणि अक च्या निम्मी. दुसऱ्या त्रिकोणाला लावलं की समोरची बाजूही तशीच. मग त्या दोन बाजू एकमेकींना समांतर आणि समान. समोरासमोरच्या बाजूंची एक जोडी समांतर आणि समान असली की चौकोन समांतरभुज. झालं.

चार ओळींची ही सिद्धता आता ओझं वाटत नाही, कारण ती कशाची आहे हे मुलांनी बोटानं अनुभवलेलं असतं. पुढचे प्रश्न मग मुलंच काढतात. बाहेरच्या चौकोनाचे कर्ण समान केले तर आतला समभुज होतो. कर्ण काटकोनात छेदले तर आतला आयत होतो. दोन्ही अटी पाळल्या तर चौरस.

इतरत्र काय झालं

गटात, संगणकावर, चौकोन शिकवण्याचा मोठा प्रयत्न देशात झालेला आहे. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, अमेरिकेतली एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्स यांनी 'क्लिक्स' हा उपक्रम राजस्थान, छत्तीसगड, तेलंगणा आणि मिझोराममधल्या सरकारी माध्यमिक शाळांत राबवला. त्याच्या भूमितीच्या भागात 'पोलीस क्वाड' नावाचा चौकोनांच्या गुणधर्मांवरचा खेळ होता. मुलांनी मिळून काम करावं, चुकांतून शिकावं आणि विषय जगण्याशी जोडलेला असावा, ही त्यामागची तीन सूत्रं. या उपक्रमाला युनेस्कोचा २०१७ सालचा माहिती-तंत्रज्ञानातल्या शिक्षणाचा पुरस्कार मिळाला.

शिक्षकांसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात जिओजेब्राचे छोटे व्हिडिओ धडे आहेत आणि ते मराठीसह भारतीय भाषांत ऐकता येतात. गुजरातच्या मराठी शाळेतला शिक्षक आणि नवापूर-नंदुरबारचा शिक्षक एकच धडा वापरू शकतात.

अडचणींचा हिशेब

पहिली अडचण फोनची. घरात स्मार्टफोन असतो, पण तो बापाबरोबर किंवा मोठ्या भावाबरोबर कामाच्या पाळीला जातो. मुलीच्या हाती फोन द्यायला बरीच घरं कचरतात. म्हणून घरी करायचा प्रकल्प दिला तर तो ठरावीक मुलांचाच होतो. काम शाळेच्या वेळेत, शाळेच्या संगणकावर किंवा शिक्षकाच्या फोनवर करणं हाच न्याय्य मार्ग. तेवढंही जमत नसेल तर आगकाड्या, व्हॉल्व्ह ट्यूब आणि कागदाच्या घड्या यांवर पहिले चार तास सहज होतात. ओढून बघण्यासाठी एक स्क्रीन सगळ्या वर्गाला पुरते.

दुसरी अडचण, गटाचं काम एकजण करतो आणि गुण चौघं घेतात. यावर उपाय जमाखर्चासारखा साधा आहे. २० गुण असतील तर १० गटाला द्यावेत आणि १० प्रत्येकाला वेगळे. शिक्षकानं गटातल्या कुणालाही उभं करून विचारावं, "हा बिंदू ओढल्यावर आकृती का मोडली नाही?" सजवलेल्या फाईलला गुण ठेवू नयेत. नाहीतर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत छापील प्रकल्प येतात आणि मुलाला चौकोन तसाच अनोळखी राहतो.

तिसरी अडचण वेळेची. सहा तास प्रकल्पाला दिले तर अभ्यासक्रम मागे पडेल, अशी शिक्षकांची भीती खोटी नाही. पण हे तास जादा धरायचे नाहीत. व्याख्या, गुणधर्म आणि मध्यबिंदूचं प्रमेय एरवीही शिकवायचंच असतं. त्याच तासांत ते या पद्धतीनं शिकवायचं.

पालकांना यातलं एक काम भूमिती न येताही करता येतं. रविवारी मुलाच्या हाती टेप द्यावी, घरातली खाट किंवा दाराची चौकट चारही बाजूंनी आणि दोन्ही कर्णांनी मापायला लावावी आणि विचारावं, "काटकोनात आहे का? कशावरून?" उत्तर माप सांगून दिलं तर मूल दुसऱ्या पायरीवर आहे. बाजू आणि कर्ण समान असले की कोन काटकोन का होतात हेही त्यानं समजावलं, तर सिद्धतेची त्याला भीती उरलेली नाही.